बोलताना थांबणारी पावलं
म्हातारपणी चाल मंदावते म्हणून तोल जातो, असं वृद्धांच्या पडण्यावरच्या लेखात म्हटलंय. ते अर्धंच आहे. पावलं एकसारखी पडतात का, हेही पाहायला हवं. संशोधक हाउसडॉर्फ व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सत्तरीपुढच्या ५२ जणांची चाल मोजून त्यांच्यावर वर्षभर लक्ष ठेवलं. एकच पाय पुन्हा टेकायला लागणाऱ्या वेळेतला चढउतार, त्या वर्षात पडलेल्यांमध्ये १०६ मिलिसेकंद आणि न पडलेल्यांमध्ये ४९!

आमचा चोपड्याकडे केळीचा मळा आहे. वडील ठिबकच्या नळ्या ओलांडतात तेव्हा एक पाऊल लांब, पुढचं आखूड. बांधावरून कोणी हाक मारली की आधी थांबतात, मग "काय रे भाऊ" म्हणतात. स्वीडनमध्ये १९९७ साली नेमकं हेच तपासलं होतं: बोलताना चालणं थांबवणाऱ्या १२ वृद्धांपैकी १० जण सहा महिन्यांत पडले. वयानुसार चालण्यालाच जास्त लक्ष लागतं, बोलायला उरत नाही.

म्हणून आम्ही घरात सगळ्यांना बजावलंय, नाना (वडील) चालत असताना मागून हाक मारायची नाही. वाचकांत कोणी फिजिओथेरपिस्ट असतील तर घरी करता येतील असे तोल सांभाळण्याचे व्यायाम कृपया सांगा.