मानवतेसाठी एक वर्षाची रजा

महाविद्यालयातून एक वर्षाची रजा घेऊन पीडितांची सेवा करण्याचा आपला निश्चय झालाच आहे, तेव्हा प्रथम आपले अभिनंदन. परीक्षेचे वेळापत्रक आणि हा साक्षात्कार एकाच आठवड्यात प्रकट व्हावेत, हा निव्वळ योगायोग आहे आणि कुत्सित लोकांना तो तसाच समजावून सांगावा.

जाण्यापूर्वी काहीही शिकू नये, हे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. रेड क्रॉसचे संस्थापक हेन्री ड्युनांट १८५९ मध्ये स्वतःच्या व्यवसायाच्या कामासाठी निघाले होते आणि वाटेत इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईतील जखमींच्या शुश्रूषेला लागले, एवढीच गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यापुढची समिती, बैठका आणि युद्धातल्या जखमींना संरक्षण देणाऱ्या १८६४ च्या जिनिव्हा करारापर्यंतची खटपट हा कंटाळवाणा उत्तरार्ध आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही वैद्यकीय मदतसंस्था तर परिचारिकेकडेही आधी पात्रता आणि अनुभव मागते. अशा कोत्या मनाच्या दारात आपण उभे राहू नये. नुसत्या उत्साहावर, आणि आपल्याकडूनच शुल्क घेऊन, प्रवेश देणारी दारे पुष्कळ आहेत.

छावणीत पोहोचल्यावर हिशेबाच्या कामांपासून दूर राहावे. मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाची मानके वापरतात. त्यांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावे आणि एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसे नसावीत. नळ मिनिटाला साडेसात लिटर पाणी देत असेल, तर एवढ्यांची गरज भागायला तो रोज आठ तास वीस मिनिटे अखंड वाहावा लागतो. म्हणून कोणीतरी तोटीखाली दहा लिटरची बादली ठेवून घड्याळाकडे पाहत उभे राहते: ऐंशी सेकंदांत भरली तर ठीक, दोन मिनिटे लागली तर त्याच रांगेसाठी नळ साडेबारा तास सोडावा लागणार, आणि मग रात्री रांगेत कोण उभे राहणार हा प्रश्न आला. आता मला सांगा, बादली आणि घड्याळ यांच्या छायाचित्रात करुणा कुठे दिसते? आपण रांगेतली सर्वांत लहान मुलगी हेरावी, तिच्या हातातला भरलेला कॅन क्षणभर आपल्या हाती घ्यावा आणि छायाचित्र निघाले की परत द्यावा. तिची जागा मागे गेली, तर रांग तशीही लांबच असते.

बरोबर जुने कपडे न्यायला विसरू नये. २००४ च्या त्सुनामीनंतर उष्ण किनाऱ्यांवर लोकरीचे कपडेही येऊन पडले होते. देणाऱ्यांची कपाटे मात्र निश्चितच मोकळी झाली.

अनाथाश्रमाइतके समाधान अन्यत्र मिळत नाही. तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीमुळे किंवा शिक्षणाच्या आशेने त्यांना तिथे ठेवलेले असते, आणि पैसे भरणाऱ्या पाहुण्यांची वर्दळ वाढली की मुले गोळा करणारेही वाढतात, हे कंबोडियात आणि नेपाळमध्ये दिसून आले आहे. परंतु असल्या चौकशीने आल्या दिवशी मूड घालवू नये. दोन आठवडे लळा लावावा, निरोपाच्या वेळी मनसोक्त रडावे आणि पुढच्या ठिकाणी जावे. सोमवारी नवा स्वयंसेवक येतोच. तो पहिल्यापासून लळा लावील. मुलांना याची इतकी सवय झालेली असते की, नव्या माणसाने पिशवी खाली ठेवायच्या आत ती त्याच्या मांडीवर चढण्याची वाट पाहत असतात. (बालमानसशास्त्राचे जाणकार या जवळिकीचा वेगळाच अर्थ लावतात. त्यांना रजा मिळत नसावी.)

परतल्यावर शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘त्या मुलांनीच मला शिकवले’ हे वाक्य घालावे. शिकवायला म्हणून आपण गेला होता, हे तिथे कोणी विचारत नाही. सोबत ते कॅनचे छायाचित्र जोडावे आणि खाली ‘माझी छोटी मैत्रीण’ असे लिहावे. मुलाखतीत तिचे नाव विचारलेच, तर तिच्या खासगीपणाचा आदर राखून ते सांगण्याचे टाळावे.