सभेच्या आधी सांगा की

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर जोरात वाद झाला, विषय नवीन नगरसेवक. जानेवारी 2026 मधे सोलापूर महापालिकेची निवडणूक झाली, त्याआधीची झाली होती 2017 ला, म्हणजे मधे नऊ वर्षं गेली आणि त्यातली मार्च 2022 नंतरची सगळी प्रशासकाच्या हातात, नगरसेवक असा कुणी नाहीच. आता परत 102 जण निवडून आलेत आणि लोकांच्या मोबाईलवर रोज त्यांचे व्हिडिओ. एक मित्र म्हणाला निदान माणसं दिसायला तरी लागली, ड्रेनेजपाशी उभं राहून सांगतात काय काम चाललंय ते, अजून काय पाहिजे. दुसरा म्हणाला ही माहिती नाही बे, ही जाहिरात आहे. मी मधे दोन ओळी टाकल्या की इंग्लंडमधे मी राहते तिथली कौन्सिलर काय करते, तर लगेच उत्तर, तिकडचं तिकडं ठेव, इथं पाणी चार-पाच दिवसाआड येतं.

लागलं मला ते. कारण त्याचं अर्धं बरोबर आहे. म्हणून जरा नीट लिहिते.

मी इंग्लंडमधे एका छोट्या गावात राहते, सोलापूरच्या एका प्रभागात जेवढी माणसं असतील त्याच्या निम्मी पण नसतील इथं. गावाला टाऊन कौन्सिल आहे, बारा मेंबर, पगार नाही कुणाला. आमच्या भागाची मेंबर एक बाई आहे, आधी शाळेच्या किचनमधे कामाला होती, आता रिटायर. ती दर महिन्याला एक पिवळा कागद घरोघर दारातून आत टाकते. एकच कागद, पाठपोट. तिचा फोटो नाही त्यावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत. वरच्या अर्ध्या भागात मागच्या मीटिंगमधे काय ठरलं आणि तिनं स्वतः कुठल्या बाजूनं मत दिलं ते, खालच्या अर्ध्यात पुढच्या मीटिंगला काय येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी बसस्टँडजवळचं सार्वजनिक संडास बंद करायचा विषय निघाला. कागदावर सरळ लिहिलेलं, वर्षाला चालवायला एवढे लागतात, छत दुरुस्तीला एवढे, बंद केलं तर एवढे वाचतील, मला स्वतःला वाटतं बंद करू नये कारण बाजारच्या दिवशी म्हातारी माणसं कुठं जातील, पण तुमचं वेगळं मत असेल तर मंगळवारी सात वाजता या, सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ असतो. पुढच्या महिन्याचा कागद आला त्यात लिहिलेलं, मी विरोधात मत दिलं आणि हरले, आणि त्याखाली चार ओळी, बाकीच्यांचं म्हणणं काय होतं. ते पण प्रामाणिकपणे मांडलेलं, टोमणा नाही काही नाही. मी तो कागद बरेच दिवस फ्रिजवर लावून ठेवला होता. आपण हरलो हे लोकांना लेखी कळवणारा नगरसेवक मी तोपर्यंत बघितला नव्हता.

आणि एकदा नोव्हेंबरमधे ती लायब्ररीच्या बाहेरच्या नोटीस बोर्डपाशी दिसली. पाऊस चाललेला, बोर्डाच्या काचेचं कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना, प्लास्टिकच्या फोल्डरमधला अजेंडा तिनं हनुवटीखाली दाबून धरलेला. मी छत्री धरली. म्हटलं उद्या लावा ना, एवढी काय घाई. तर म्हणाली नाही, आज गुरुवार, मीटिंग मंगळवारी, मधे तीन दिवस पूर्ण मिळाले पाहिजेत लोकांना, त्यात रविवार धरत नाहीत, म्हणजे शुक्रवार शनिवार सोमवार, आज लागलाच पाहिजे. कायदाच आहे तसा. सभेत लोकांना आणि पत्रकारांना बसू द्यायचं हा 1960 चा कायदा, तो मार्गारेट थॅचर बाईंनी खासदार म्हणून पहिल्याच भाषणात मांडला होता. आणि 2014 पासून सभेचं शूटिंग पण कुणीही करू शकतं.

आता याच्यावरून इथं स्वर्ग आहे असं कुणी समजू नये. या टाऊन कौन्सिलच्या हातात आहे काय तर स्मशानभूमी, बाकडी, बाग, ख्रिसमसचे दिवे. रस्ते वरच्या काउंटी कौन्सिलकडं, कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडं, पाणी तर खाजगी कंपनीकडं. मीटिंगला लोक किती, मी गेले त्या दिवशी आम्ही चौघं होतो. हँडफोर्थ नावाच्या गावच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी, ऑनलाइन मीटिंग 2021 च्या फेब्रुवारीत सगळ्या जगानं बघितली, मेंबर एकमेकांवर नुसते ओरडतायत. आणि बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराच्या कौन्सिलनं सप्टेंबर 2023 मधे जाहीर केलं की खर्च भागवायला पैसे नाहीत. सगळे कागद खुले असून ही वेळ आली. तेव्हा कागद वाटला की कारभार सुधारतो असं मी म्हणत नाहीये.

आणि आपल्याकडं जे आहे ते इथं नाही, हे पण मला माहितीये. माझे वडील गेले तेव्हा मी विमानात होते. रात्री दोन वाजता आमचे तेव्हाचे नगरसेवक घरी आले, शववाहिकेला फोन लावला, सकाळी स्मशानात लाकडाची व्यवस्था बघितली, नंतर दाखल्याला पण माणूस बरोबर दिला. आई अजून त्यांचं नाव काढते. सकाळी सातला नगरसेवकाच्या घरासमोर पायरीवर चार माणसं बसलेली असतात, तो बनियनवर बाहेर येतो, एकेकाचं ऐकतो, तिथूनच महापालिकेच्या झोन ऑफिसला फोन लावतो. इथं कौन्सिलरच्या घरी जाऊन असं बसायचं कुणाच्या डोक्यात पण येणार नाही. ही जवळीक खरी आहे आणि मला ती हवी आहे.

पण फोनवर काम कुणाचं होतं, ज्याच्याकडं नंबर आहे त्याचं. आमच्या शेजारी एक मावशी आहेत, तेलुगू बोलतात, विड्या वळतात. त्या कुठल्या नगरसेवकाला फोन करणार. त्यांना दिवस ठरवावा लागतो तो पाण्यावर. पाणी येणार असेल त्या दिवशी विड्या द्यायला कारखान्यात जाता येत नाही, आणि मग कळतं की आज येणार नाही, उद्या येईल, म्हणजे दोन दिवस गेले. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो मला पण आत्ताच कळलं. आता सोलापूरचं पाणी कुठून येतं ते बघा, उजनी धरण साधारण 110 किलोमीटर लांब, शिवाय भीमा नदीवरचं टाकळी आणि हिप्परगा तलाव. उजनीला लाईट गेली, पंप बंद पडला, मधे कुठं पाइप फुटला की टाक्या भरत नाहीत आणि पूर्ण शहराचं रोटेशन एक दिवस पुढं जातं. हे कुणी मुद्दाम करत नाही. पण ज्याला दुपारी कळलेलं असतं त्यानं संध्याकाळी एक मेसेज टाकला तर मावशींचा दिवस वाचतो. आता दुसऱ्या समांतर पाइपलाइनमुळं पाणी किती दिवसाआड होणार, कुठल्या भागाला आधी, टाक्या किती लागणार, आतल्या जुन्या लाइनी कधी बदलणार, हे सगळं कधी ना कधी सभेत येणार आणि ठरणार. ठरायच्या आधी सांगा ना आम्हाला.

माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर. व्हिडिओ टाका, भूमिपूजनाचे फोटो टाका, हरकत नाही, नारळ फोडला की आनंद होतो माणसाला. पण नारळ फुटतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं, रस्ता कुठला, किती लांबीचा, डांबरी का काँक्रीट, ड्रेनेज आधी का रस्ता आधी. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत नवीन रस्ता झाला आणि तीन महिन्यात कुणीतरी लाईन टाकायला तो खोदला, आई त्या खड्ड्यात पडता पडता वाचली. कुणी खोदला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा प्रशासक होता म्हणून विचारायला नगरसेवक नव्हता, आणि आता आहेत तर एकेका प्रभागात चार आहेत, फक्त दोन प्रभागात तीन. चौघांपैकी रस्ता कुणाचा, पाणी कुणाचं, कुणालाच सांगता येत नाही, लोक चौघांना मतं देतात आणि कामाच्या वेळी एक म्हणतो त्यांना विचारा, ते म्हणतात यांना विचारा. म्हणून तर लिहून सांगायची गरज इथल्यापेक्षा तिथं जास्त आहे.

आणि हे काही विलायती खूळ नाही. महापालिकेची सभा दर महिन्याला व्हायला पाहिजे आणि ती लोकांना खुली असते हे आपल्याच 1949 च्या कायद्यात आहे. तीन लाखाच्या वरच्या शहरात वॉर्ड समित्या पाहिजेत हे 74 व्या घटनादुरुस्तीत आहे, 1993 पासून लागू. माहिती अधिकार 2005 चा, त्यातलं कलम 4 तर म्हणतं की लोकांनी अर्ज करायची वाट न बघता स्वतःहून माहिती द्या. 1930 ला सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा लागला, इंग्रजांचं राज्य असताना, तेव्हा ती इमारत लोकांना आपली वाटत होती म्हणूनच ना. आज महापालिकेच्या, म्हणजे इंद्रभुवनच्या आवारात, सभेत काय चालतं ते बघायला किती जण गेलेत, मी पण सोलापुरात होते तोपर्यंत एकदाही गेले नाही, याचं मला आता वाईट वाटतं.

मित्राचं म्हणणं, नगरसेवकानं एवढं सगळं लिहायचं तर काम कधी करायचं. अरे, विषयपत्रिका छापूनच येते त्याच्या हातात. तिचा फोटो काढायचा आणि खाली आवाजात सांगायचं, यातले हे तीन विषय आपल्या प्रभागाचे, माझं मत हे, तुमचं सांगा. दोन मिनिटाचं काम. आमच्या भागात एक मराठीत, एक तेलुगूत, आणि अजून एक कन्नडमधे केलं तर कुणी बाहेर राहत नाही, हे तिन्ही बोलणारे कार्यकर्ते प्रत्येकाकडं असतात. सभा झाली की परत दोन मिनिटं, काय झालं, मी कुणीकडून होतो. आणि ऐनवेळचे विषय म्हणून जे शेवटी घुसतात, मंजूर मंजूर म्हणत पाच मिनिटात संपतात, ते तर नावासकट सांगा, कारण ते कुठल्याच कागदावर आधी नसतात. बार्शी, अक्कलकोट, करमाळ्यासारख्या नगरपरिषदेत तर हे अजून सोपं आहे, गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, डिसेंबर 2025 मधे तिथंही नवीन लोक आलेत.

लांब बसून सांगणं सोपं असतं हा आरोप मला मान्य आहे. पाण्याची मोटार लावायला पहाटे उठते ती आई, मी नाही. पण आईच मला फोनवर म्हणाली, अगं, पाणी कमी आलं तर चालवून घेऊ, कधी येणार तेवढं सांगावं की.

शेवटी ग्रुपवर असं ठरलं, वाद घालणाऱ्या दोघांपैकी जो जाहिरात म्हणत होता तो पुढच्या सर्वसाधारण सभेला गॅलरीत जाऊन बसणार आहे, दुकान भावाकडं सोपवून. आत सोडतात का, कागद मिळतो का, ते तो बघणार. मी त्याला म्हटलं आमच्या प्रभागातल्या चौघांकडं विषयपत्रिका आधीच माग, चौघांकडं वेगवेगळी माग, आणि जो पहिल्यांदा देईल त्याचं नाव ग्रुपवर टाक.