रात्री रडणारी बाई दिसल्यास

रात्री साडेबाराला घोडबंदर रोडवर, गायमुखच्या वळणावर, पांढऱ्या साडीतली बाई रडत उभी दिसली तर आधी तिची पावलं बघा. उलटी असली तर हडळ. सुलटी असली तरी थांबू नका. अंधारात आपल्यालाच नीट दिसलं नसेल, असं धरून चालावं. (ट्रेलरच्या रांगेत अडकून तिच्याच शेजारी अर्धा तास काढावा लागला, तर काच वर करा आणि एफएम मोठा लावा.)

मग प्रकार ओळखायला शिका. आपल्या पूर्वजांनी यात कमालीची शिस्त ठेवली आहे. बाळंतपणात गेली ती हडळ, नवऱ्याच्या आधी गेली ती जखीण, शिवाय कोकणात लावसट वेगळी. पुरुष भुतांचं बरं असतं. मुंज्याला पिंपळ मिळतो, ब्रह्मराक्षसाला विद्या, वेताळाला तर देऊळ आणि पालखी. रडण्याचं खातं तेवढं बायकांकडे. ती बाळंतपणात गेलीच कशी, सुईणीला वेळेवर कुणी बोलावलं होतं का, असले प्रश्न काढू नका. उंबऱ्यात खिळा ठोका आणि झोपा.

परदेशातही हेच. आयर्लंडची बॅन्शी घरात कुणी जाणार असलं की आधी रडून कळवते, म्हणजे फुकटची सेवा. मेक्सिकोची ला योरोना स्वतःच बुडवलेल्या पोरांसाठी नदीकाठी टाहो फोडते. माझी लाडकी मात्र जपानची ओकिकू. मोलकरीण. मालकाच्या दहा मौल्यवान ताटल्यांतली एक कमी भरली आणि हिचा शेवट विहिरीत झाला. तेव्हापासून रात्री विहिरीतून मोजण्याचा आवाज येतो. एक, दोन, तीन... नऊपर्यंत नीट, आणि मग हंबरडा. आपल्याकडे हे इतकं ताणलं नसतं. पगार कापायचा, गेटच्या ॲपवर तिची नोंद बंद करायची, आणि 'बाई चांगली नाही' हे चार वहिनींच्या कानावर घालायचं. विहिरीची गरजच काय?

सिनेमावर मात्र फार विसंबू नका. 'महल' (१९४९) मधली झोपाळ्यावरची ती गूढ बाई शेवटी माळ्याची मुलगी निघते. 'वो कौन थी?' (१९६४) मध्ये भर पावसात गाडी थांबवणारी पांढऱ्या साडीतली बाई म्हणजे इस्टेटीसाठी रचलेला डाव. पंचाहत्तर वर्षं आपण जिला घाबरत आलो, ती भूत नव्हतीच. पण हे घरात कुणाला सांगू नका, मजा जाते.

आता आवाजाविषयी. ऐरोली-वाशीकडच्या तिवरांत कोल्हे आहेत, आणि खाडीवरून कोल्हेकुई आली की बाराव्या मजल्यावरच्या माणसालाही रामरक्षा आठवते. मांजरांचं तर विचारूच नका, माजावर आली की तान्हं पोर रडावं तशी रडतात. म्हणजे रात्री रडणं ऐकू आलं तर तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: भूत, कोल्हा, मांजर. चौथ्याच्या नादी लागू नका. त्यात अंथरुणातून उठून दार उघडावं लागतं.

आमच्या सोसायटीने हे सगळं काटेकोर पाळलं. गेल्या पितृपक्षात रात्री एकच्या सुमारास बी विंगमध्ये रडण्याचा आवाज सुरू झाला. पाच मिनिटांत ग्रुप जागा. 'कुणाला ऐकू येतंय का?' 'सर्वपित्री जवळ आलीय.' 'टेरेसची किल्ली कुणाकडे आहे?' एका काकांनी हनुमान चालिसाचा ऑडिओ टाकला. शेवटी वॉचमनमामांना टॉर्च देऊन वर पाठवलं.

दहा मिनिटांनी खालून त्यांचा इंटरकॉम आला. "साहेब, भूतबित काय नाय. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हायत. जिन्यात बसल्यात. घराला आतून कडी."

ग्रुपवर एकदम हायसं वाटलं. 'हुश्श.' 'घरगुती मामला दिसतोय.' 'चला, गुड नाइट.' अंगठ्यांची रांग लागली. मीही एक टाकला आणि फोन उलटा ठेवला.

सकाळी दूध घ्यायला उतरलो तेव्हा मामा गेटवर होते. मी काही विचारलं नव्हतं, तेच म्हणाले, "पावलं सुलटीच होती, साहेब. एका पायात चप्पल नव्हती."