सीबीएन म्हणजे म्हणे झोपेची गोळी!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. गांजातलं सीबीएन (कॅनाबिनॉल नावाचं रसायन) हे नुकतंच सापडलेलं नैसर्गिक झोपेचं औषध, 5 मिलिग्रॅम घेतलं की डायझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या 10 मिलिग्रॅमचं काम होतं, शिवाय नशा अजिबात नाही, असं सगळं त्यात ठोकून दिलंय.

"नुकतंच" तर सोडूनच द्या. केंब्रिजच्या केमिस्टांनी 1890 च्या दशकातच हे चरसातून काढलं होतं, आणि बरीच वर्षं नशा यानेच चढते असं समजत होते, खरा गुन्हेगार टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं मुख्य रसायन, शुद्ध स्वरूपात हाती आला तो 1964 ला.

आता डायझेपाम. या तुलनेमागे माणसांवरचा छापील अभ्यास नाहीये, कुणीतरी आकडा टाकला आणि तो कॉपी पेस्ट होत राहिला. उलट 1975 मधे पाच पुरुषांना 50 मिलिग्रॅम सीबीएन पाजून बघितलं होतं, म्हणजे मेसेजमधल्या डोसच्या दहापट, तरी नुसत्या सीबीएनने कुणाला गुंगी आली नाही, टीएचसी सोबत दिलं तेव्हा मात्र डोकं जड झालं, झोपाळल्यासारखं वाटलं. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. गांजा जुना झाला की हवा आणि उजेडाने त्यातलं टीएचसी हळूहळू सीबीएन होतं. साध्या खोलीत ठेवलं तर वर्षात साधारण 16 टक्के टीएचसी जातं, चार वर्षांत 40 च्या वर. म्हणजे जुन्या मालात टीएचसी अजून भरपूर उरलेलं असतं, सुगंधी तेलं उडून गेलेली असतात, पण झोप आली की श्रेय सगळं सीबीएनला!

अगदीच फुसकं आहे असंही नाही हं. 2023 मधे रोज 20 मिलिग्रॅम, सात रात्री, समोर प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस), अशी ट्रायल झाली. झोप लवकर लागली नाही, पण रात्री जाग येण्याचं प्रमाण कमी झालं. 2024 मधे सिडनीत उंदरांची झोपही वाढलेली दिसली. पण उंदीर तो उंदीर.

राहिली नशा. सीबीएन मेंदूतल्या त्याच सीबी1 रिसेप्टरला (पेशीवरची रसायन पकडणारी जागा) चिकटतं ज्याला टीएचसी चिकटतं, फक्त पकड बरीच सैल, त्यामुळे "कमी" म्हणा, "अजिबात नाही" कसं म्हणता? आणि नोकरीसाठी लघवीची टेस्ट द्यायची असेल तर हेही बघा, काही किट सीबीएनलाच टीएचसी समजून पॉझिटिव्ह दाखवतात.