‘खेड्यातल्या लोकांनी आधी तपासणी करावी’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार भाऊ,

न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे अंगावर डाग आणि गाठी आणणारा जनुकातला आजार, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं, “खेड्यातल्या लोकांनी आधी जनुक तपासणी करावी, मग लिहावं. बदल कोणता ते कळलं की आजार कसा वागेल तेही कळतं. बाकी सारं रडगाणं.” पुढे कॅन्सर आणि लेजियस सिंड्रोम (असेच डाग येणारा दुसरा आजार) यांबद्दल दोन ओळी.

एक गोष्ट मान्य. डागांचं माप लेखात द्यायला हवं होतं. दुधाच्या कॉफीसारख्या रंगाचे निदान ६ डाग, वयात येण्याआधी ५ मिलिमीटरहून मोठे, नंतर १५ हून मोठे, असे असले तर ते लक्षण धरतात.

पण ‘रडगाणं’? माझ्या वडिलांच्या अंगभर गाठी होत्या. आमचं गाव वणी तालुक्यात, वरोऱ्याचं आनंदवन फार लांब नाही. तरी लोकांनी त्यांना महारोगी ठरवलं, पंगतीत पान वेगळं मांडलं. महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तो बहुधा फिकट नाहीतर लालसर असतो. वडिलांचे डाग तपकिरी होते आणि गाठीला सदरा घासला तरी त्यांना कळायचं. एवढं सांगणारा माणूस त्यांना हयातीत भेटला नाही. ते मी लिहिलं, तर तुम्हाला रडणं ऐकू आलं.

आता ‘बदल कळला की आजार कसा वागेल तेही कळतं’ या तुमच्या वाक्याकडे येतो. ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो ते १७ व्या गुणसूत्रावरचं एनएफ१ जनुक १९९० साली सापडलं. त्यात आजवर हजारो वेगवेगळे बदल नोंदले गेलेत. त्यातल्या मोजक्यांबद्दल तुम्ही म्हणता तसं सांगता येतं. अख्खं जनुकच गळालं असेल तर गाठी लवकर आणि पुष्कळ येतात, शिकण्यातही अडचण जास्त. त्यापासून होणाऱ्या प्रथिनातला ९९२ व्या जागचा एकच दुवा, म्हणजे अमिनो आम्ल, गळाला तर कातडीवर गाठी सहसा येत नाहीत. १८०९ व्या जागी बदल असला तरी तसंच. ८४४ ते ८४८ या पट्ट्यातले काही बदल मात्र जड जातात. असे बदल असलेली घरं थोडी. बाकीच्यांना तुमचा रिपोर्ट काय सांगणार?

आमच्याच घरचं बघा. वडिलांना गाठी. मला डाग, काखेत ठिपके आणि डोळ्याच्या बुबुळावर बारीक पुळ्या, ज्यांना लिश नोड्यूल म्हणतात. बहिणीचा कणा वाकलेला. बाप एक, बदल एक, रूपं तीन. या जनुकापासून होणारं न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन पेशींच्या वाढीला आवर घालतं. जन्मतः एक प्रत बिघडलेली असते, आणि ज्या पेशीत दुसरी चांगली प्रतही बिघडते तिथून गाठ उठते. ते कोणत्या पेशीत, कोणत्या वयात होईल, हे रक्ताच्या तपासणीत येत नाही. शहरातल्याही नाही.

तपासणी निरुपयोगी आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. साधारण निम्म्या रुग्णांच्या घरात हा आजार आधी कोणालाच नसतो, त्यांना तिचा मोठा आधार होतो. पण बापाला आजार आणि लेकराच्या अंगावर ६ डाग, एवढ्यावर २०२१ च्या निकषांप्रमाणे निदान होतं. माझ्या मुलाचं तसंच झालं. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून मी त्याला नागपूरला नेतो ते डोळे, रक्तदाब आणि कणा बघायला. त्या फेऱ्या तुमच्या ‘आधी तपासणी’त बसत नसतील, आमच्या घरात त्याच महत्त्वाच्या.

लेजियसमध्ये अशा गाठी होत नाहीत, आमच्याकडे आहेत. तो मुद्दा इथे लागू नाही. कॅन्सर हा त्या लेखाचा विषय नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढे लिहाल तेव्हा आजाराबद्दल लिहा. माझ्या गावाबद्दल आणि वडिलांबद्दल या भाषेत लिहिलेलं इथे ठेवणार नाही.