जुळलेली बोटे, ग्रहण आणि काळा दोरा

माझ्या भाचीला डिसेंबरात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, तो रडतच. बाळाच्या दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन बोटे अर्ध्यापर्यंत एकमेकांना जुळलेली आहेत, एवढेच खरे तर घडले होते, आणि डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नसल्याचे सांगितलेही होते. पण त्याच संध्याकाळी तिच्या सासरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर येऊन पडला, सासूबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचे वेध लागल्यावर ही विळीवर बसली होती का, अशी चौकशी घरात सुरू झाली. ‘मावशी, मी त्या दिवशी खरंच दुधी चिरला होता गं,’ असे ती मला म्हणाली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, घरात पाहुणे असताना, तिने दुधी चिरला होता, आणि तीन महिन्यांनी त्या दुधीचा जाब तिला ओल्या बाळंतपणात द्यावा लागत होता.

तोच मजकूर आतापर्यंत मला तीन वेगवेगळ्या ओळखीच्या लोकांनी पाठवला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गर्भवतीने ग्रहणात काही चिरले, शिवले किंवा दुमडले तर बाळाची बोटे जुळतात, पशुपक्षी ग्रहण पाळतात म्हणून सृष्टीत दुसऱ्या कोणत्याही जीवाची बोटे जुळलेली आढळत नाहीत, सोनोग्राफीच्या किरणांनी हा दोष वाढतो, तो कुळात पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणजे तो पितृदोष आहे, आणि शेवटी उपाय असा की, जुळलेल्या बोटांच्या मुळाशी सुईने काळा दोरा ओवून तो रोज थोडा आवळत जावा, म्हणजे चाळीस दिवसांत कातडी आपोआप सुटते.

हा शेवटचा मुद्दा मी आधी घेते, कारण बाकीच्यांनी मनस्ताप होतो, पण याने बाळाचे बोट जाऊ शकते. घोड्याच्या केसाने चामखीळ बांधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि दोऱ्याची कल्पना बहुधा तिथूनच आली असावी. परंतु चामखीळ बारीक देठावर लोंबत असते. दोन बोटांमधला पडदा तसा नसतो. बोटाच्या दोन्ही कडांनी रक्तवाहिन्या आणि नसा जातात, आणि बोटे जुळलेली असतात तेव्हा या वाहिन्या नेहमीच्या जागी न दुभंगता पुष्कळदा आणखी पुढे जाऊन दुभंगतात, म्हणजे नेमक्या दोरा जिथे आवळायला सांगितला आहे तिथे त्या सामाईक असू शकतात. तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती आईचा गळलेला एखादा केस नकळत गुंडाळला गेला तरी बोट सुजून काळेनिळे पडते, आणि वेळेत सोडवला नाही तर ते बोट गमावण्याची पाळी येते; बालरोगतज्ज्ञ याकडे तातडीची बाब म्हणून पाहतात. जे एका केसाने चुकून होते, ते चाळीस दिवस मुद्दाम आणि सुईने भोक पाडून करायला हा मजकूर सांगतो आहे. त्यात जंतुसंसर्गाची भर पडते ती वेगळीच.

कातडी सुटलीच तर पुढे काय होते, हे समजायला दोन गोल पेन्सिली पुरतात. त्या शेजारीशेजारी धरून दोघींना मिळून एक वेढा दोरा गुंडाळावा आणि तेवढाच तुकडा कापावा. मग पेन्सिली वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतंत्र वेढा द्यायला किती दोरा लागतो ते मोजावे. तो पहिल्यापेक्षा पाचव्या हिश्शाहूनही जास्त भरतो. जुळलेल्या बोटांवरची त्वचा ही त्या पहिल्या तुकड्यासारखी असते. बोटे सुटी केली की ती दोघांना पुरत नाही. म्हणूनच शल्यविशारद सरळ छेद न घेता नागमोडी छेद घेतात, बेचक्यासाठी त्वचेची घडी वेगळी आखतात आणि कमी पडलेल्या जागी बहुधा जांघेजवळची त्वचा लावतात. सरळ रेषेत कापलेली जखम भरताना आखडते, बोट वाकडे ओढते, आणि बेचके पुन्हा पुढे सरकत येते. दोऱ्याने कापलेली जखम अगदी तशीच, सरळ आणि उघडी असते. पायाची दुसरी आणि तिसरी बोटे जुळलेली असतील तर चालण्या-धावण्यात काहीच अडत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचीही गरज नसते. माझ्या भाचीच्या घरी दोरा आणून ठेवलेला होता. तो तिने माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर कात्रीने तुकडे करून टाकला. ज्या घरात तो बांधला गेला असेल, त्यांनी हे वाचणे थांबवून आधी बाळाला दवाखान्यात न्यावे.

आता ग्रहण. ते पाळायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा आक्षेप तारखेला आहे. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यात हातापायांचे कोंब फुटतात, पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांची टोके चपटी, वल्ह्यासारखी होतात, आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटे सुटी झालेली असतात. डॉक्टर पाळीच्या तारखेपासून मोजतात, त्या हिशोबाने हा दहावा आठवडा, म्हणजे जेमतेम तिसरा महिना लागलेला असतो. ७ सप्टेंबरला माझ्या भाचीचा सहावा महिना संपत आला होता. बाळाची बोटे जशी व्हायची तशी त्याआधी साडेतीन महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती. जी गोष्ट आषाढाआधीच होऊन गेली, ती भाद्रपदात दुधी चिरल्याने झाली असे म्हणणे हे मुलगा जन्मल्यावर त्याच्या आईबापांचे लग्न लावण्यासारखे आहे.

बोटे सुटी कशी होतात, हे कळले की ती कधी कधी सुटी का होत नाहीत हेही कळते. आपली बोटे अंकुरासारखी एकेक करून फुटत नाहीत. आधी अखंड वल्हे तयार होते, त्यात बोटांच्या जागी कूर्चेच्या काड्या उमटतात, आणि त्यांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरून जातात, तेव्हा बेचकी मोकळी होतात. ही पेशींची नियोजित मरणे आहेत आणि ती घडवून आणणाऱ्या रासायनिक संदेशांपैकी एक गट बीएमपी या प्रथिनांचा आहे. १९९६ साली होंगयान झोऊ आणि ली निस्वांडर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पायात बीएमपीचा संदेश पेशींपर्यंत पोहोचू दिला नाही. परिणाम असा झाला की, बोटांमधल्या पेशी मेल्या नाहीत, आणि एरवी सुटी बोटे असलेल्या कोंबडीच्या पायाला बदकासारखा पडदा राहिला. पुढे असेही दिसले की बदकाच्या पायात हे निसर्गतःच घडते: तिथे ग्रेमलिन नावाचे प्रथिन बोटांच्या मध्ये बीएमपीला अडवून धरते. वटवाघळाच्या पंखाचा पडदाही बोटांमधल्या पेशी अशाच वाचवून टिकवला जातो. माणसाच्या गर्भात एखाद्या जनुकातल्या बदलामुळे हा संदेश एका बेचक्यात कमी पडला तर तेवढे बेचके मोकळे होत नाही. या सगळ्यात विळीला कुठेही जागा नाही.

ज्यांना गर्भाची भाषा नको असेल, त्यांच्यासाठी साधा हिशोब आहे. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात, म्हणजे कोणत्याही एका रात्री एक कोटीहून जास्त बायका गरोदर असतात, आणि त्या रविवारी वेध लागल्यापासून रात्री दीडच्या सुमारास ग्रहण सुटेपर्यंत त्यांच्यातल्या असंख्य जणींनी काही ना काही चिरले, शिवले, दुमडले असणार. तरी जुळलेली बोटे दोन-तीन हजार जन्मांत एखाद्या बाळालाच आढळतात, आणि ज्या उत्तर अमेरिकेतून ते ग्रहण दिसलेच नाही, तिथेही ती आढळतातच.

दुसऱ्या कोणत्याही जीवाची बोटे जुळलेली नसतात, हे विधान वाचून तर मला राग आवरला नाही, कारण मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकीही एकाने ते पुढे पाठवले होते. नदीकाठच्या तारेवर बसलेला खंड्या कोणी पाहिला नाही? त्याचा पाय मात्र फारसा कोणी जवळून पाहत नाही. आमच्या प्रयोगशाळेत खंड्याचा एक जुना नमुना होता. त्याचा आखूड पाय भिंगाखाली धरला की दिसे: पुढे तीन बोटे, मागे एक, पुढच्यांपैकी मधले आणि बाहेरचे बोट अर्ध्याहून अधिक लांबीपर्यंत एकाच त्वचेच्या म्यानात, आतले बोटही मुळाशी त्यांना चिकटलेले, आणि टोकाला नखे तेवढी स्वतंत्र. तळव्याच्या बाजूने तो पाय लहानशा फावड्यासारखा सपाट लागे. खंड्या दरडीच्या मातीत चोचीने बीळ कोरतो आणि सुटलेली माती याच पायांनी मागे लोटतो. पावसाळ्यात कोकणात वीण करायला येणाऱ्या तिबोटी खंड्याच्या तर नावातच बोटांची मोजणी आहे. त्याचे पुढचे आतले बोट नाहीसेच झाले आहे आणि उरलेली पुढची दोन जुळलेली आहेत.

खंड्याचे नातलग असलेल्या वेड्या राघूची पुढची बोटेही अशीच मुळापासून काही अंतर जुळलेली असतात, आणि धनेशाचीही. धनेश झाडाच्या ढोलीत घरटे करतो, माती उकरत नाही. त्यामुळे ही बोटे केवळ बीळ खोदण्यासाठी जुळली, असे जे सरसकट लिहिले जाते तेही मला पटत नाही. सस्तन प्राण्यांकडे वळावे तर कांगारूच्या मागच्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटे एकाच त्वचेत गुंडाळलेली असतात, टोकाला दोन बारीक नखे बाहेर आलेली, आणि त्या जोडनखांचा फणीसारखा उपयोग करून तो अंगावरची लव साफ करतो. कोआला आणि वोम्बॅट यांचेही तसेच आहे. सुमात्रा आणि मलाया इथल्या सियामांग या मोठ्या गिबन वानराच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ‘सिंडॅक्टिलस’ असा आहे, म्हणजे सरळ जुळलेल्या बोटांचा. हे नाव त्याला १८२१ साली मिळाले, आणि त्याचीही पायाची दुसरी-तिसरी बोटेच जुळलेली असतात. माझ्या नातीची जी बोटे जुळलेली आहेत, तीच ही. रंग बदलणाऱ्या घोयऱ्या सरड्याच्या पावलात बोटांच्या दोन मोळ्या असतात, पुढच्या पायात आत तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायात उलट, आणि त्या चिमट्याने तो फांदी धरतो.

पशू ग्रहण पाळतात म्हणून वाचतात, असे म्हणणाऱ्यांनी गोठ्यात जाऊन गाईचा पाय पाहावा. खुराच्या वर जे एकच भक्कम हाड हाताला लागते, ते मुळात तिसऱ्या आणि चौथ्या बोटांची दोन हाडे एकजीव होऊन झालेले असते. सुट्या हाडावर मधोमध त्या जोडाची खाच स्पष्ट दिसते. काही गाईंमध्ये, विशेषतः होल्स्टीन जातीत, कधी कधी दुभागलेल्या खुराऐवजी घोड्यासारख्या एकसंध खुराचे वासरू जन्मते. तो एलआरपी-४ या जनुकातला दोष आहे आणि गाय व वळू दोघांकडूनही तो आला तरच वासरात दिसतो. घोड्याचा खूर मात्र बोटे जुळून झालेला नाही, ते एकच मधले बोट आहे. या मजकुराच्या बाजूने वाद घालताना ते उदाहरण कोणी देऊ नये, आणि माझ्या बाजूनेही नको.

सोनोग्राफीत किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. ती टाळली तर बाळाची बोटे सुटी होणार नाहीत, पण हृदयाचा किंवा मणक्याचा एखादा गंभीर दोष वेळेवर कळायचा राहून जाईल. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

उरला कुळाचा मुद्दा. ‘हे कुळात पुन्हा पुन्हा दिसते’ हे त्या मजकुरातले एकमेव वाक्य खरे आहे, आणि ते मला मान्य करावेच लागते. जुळलेली बोटे पुष्कळ घराण्यांत आनुवंशिक असतात आणि बहुधा अशा रीतीने की, आईबापांपैकी एकाकडून तो जनुक आला तरी पुरतो. एकाच घरात कोणाची बोटे नखापर्यंत जुळलेली असतात, तर कोणाचा पडदा इतका थोडा असतो की तो कोणाच्या लक्षातही येत नाही. मी भाचीला घरातल्या सगळ्यांचे पाय पाहायला सांगितले. जावयाच्या डाव्या पायाला तोच पडदा निघाला, अगदी थोडा. सासऱ्यांच्या दोन्ही पायांची तीच दोन बोटे निम्म्याहून अधिक जुळलेली आहेत, आणि त्याच पायांनी त्यांनी आयुष्यभर भातशेती केली आहे. यात पितरांचा कोप कुठून आला, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे. पितरांकडून आले ते एवढेच, जसे नाक आणि कपाळ येते.

बाळाच्या हाताची बोटे जुळलेली असतील, किंवा हात आणि पाय दोन्हींची सगळीच बोटे जुळून डोक्याचा आकारही वेगळा वाटत असेल, तर मात्र तज्ज्ञांकडे लवकर जावे, कारण ॲपर्ट सिंड्रोमसारख्या विकारात कवटीची हाडेही वेळेआधी जुळतात. हाताचा अंगठा आणि तर्जनी किंवा करंगळी आणि अनामिका जुळलेली असतील, तर ती कमीजास्त लांबीची असल्याने वाढताना वाकडी होतात, म्हणून त्यांची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातच करतात. इतर बोटांना थोडे थांबता येते. आमच्या बाळाचे हात नीट आहेत आणि पायांना काही करायचे नाही. पुढच्या खेपेला काय, असे भाचीने डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की पुन्हा असे होण्याची शक्यता साधारण निम्मी आहे, आणि ती पंचांग पाहून बदलणार नाही.