आठवड्याला १२ तास शिकवणाऱ्याला कसला आलाय बर्नआउट?

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, मलाच तीन जणांनी पाठवला (त्यातले दोघं नातेवाईक, म्हणजे टोमणाच). थोडक्यात असं: "युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक आठवड्याला १२ तास शिकवतात, वर लांबलचक सुट्ट्या, नोकरी पक्की. बर्नआउट हे आळसाला दिलेलं फॅन्सी नाव आहे. कामाची आवड असेल तर थकवा येतच नाही. मेडिटेशन करा आणि कामाला लागा." मी शिकवते, त्यामुळे मला राग आला हे आधीच सांगून टाकते, पण मुद्दे एकेक करून बघू.

आधी ते १२ तास. साधा हिशोब करा ना, वर्गात ६० मुलं, एकेक असाइनमेंट नीट वाचायला १२ मिनिटं धरली तरी बरोब्बर १२ तास झाले, म्हणजे एकदा असाइनमेंट दिली की "शिकवणं" जेवढं तेवढंच तपासणं, आणि हा एकच विषय झाला. यात लेक्चरची तयारी नाही, पेपर काढणं नाही, पीएचडीच्या मुलांचे चॅप्टर नाहीत, स्वतःचं रिसर्च नाही, आणि कमिट्यांच्या फायली तर नाहीतच नाहीत. १२ तास शिकवणं म्हणजे १२ तास काम, हे म्हणजे क्रिकेटर फक्त मॅचच्या दिवशीच काम करतो म्हणण्यासारखं आहे.

नोकरी पक्की? ज्यांची आहे त्यांची आहे. तासांवर किंवा सहा-सहा महिन्यांच्या करारावर शिकवणारे जगभरच्या युनिव्हर्सिट्यांत भरपूर आहेत, त्यांना हा मेसेज मोठ्याने वाचून दाखवा एकदा.

"फॅन्सी नाव" हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. सोमवारी कंटाळा आला की बर्नआउट म्हणायची फॅशन झालीये, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये (म्हणजे त्यांच्या आजारांच्या जागतिक यादीत) त्याला आजार म्हटलेलंच नाही. पण म्हटलंय काय ते पण वाचा की: कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला सततचा ताण, त्यातून होणारी गोष्ट. म्हणजे बोट जातंय ते कामाच्या जागेकडे, माणसाच्या आळसाकडे नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ते मोजायला जी प्रश्नावली केली त्यात तीन गोष्टी बघतात, आतून पार रिकामं वाटणं, समोरच्या माणसांबद्दल कोरडं होत जाणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आळशी माणसाला यातलं तिसरं कधी छळतं का?

आता "आवड असेल तर थकवा येत नाही". हे सगळ्यात चुकीचं आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर, ज्यांच्या १९७४ च्या लेखामुळे हा शब्द चर्चेत आला, ते न्यूयॉर्कमध्ये मोफत दवाखान्यात काम करायचे, आणि त्यांना हे दिसलं ते तिथे झोकून देऊन काम करणाऱ्यांमध्ये, स्वतःमध्येही. साहजिक आहे, ज्याला फरकच पडत नाही तो कशाला जळेल? मी हे माझ्या लाल पेनात पाहिलंय. पहिल्या वर्षी मी समासात अख्खे परिच्छेद लिहायचे, हे वाच, इथे तुझा मुद्दा भारी आहे, इथे घसरलास. मग "चांगलं" आलं. मग नुसती टिकमार्क. एक दिवस केबिनमध्ये एक मुलगी रडत होती, घरचं काहीतरी फार वाईट झालं होतं, आणि मी मान हलवत हलवत मनात मोजत होते की अजून किती पेपर राहिलेत. ती गेल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली. वर म्हटलेलं ते दुसरं लक्षण, कोरडं होणं, ते हेच. विद्यार्थी त्यालाच "मॅडम हल्ली खडूस झाल्यात" म्हणतात.

सुट्ट्यांबद्दल फार नाही बोलत. साधा थकवा सुट्टीने जातो. सुट्टीने आलेला तजेला मात्र काही आठवड्यांत उतरतो असं अभ्यासांत दिसलंय, कारण परत येता ते त्याच टेबलाशी. शिवाय राहिलेला रिसर्च पेपर त्याच सुट्टीत लिहायचा असतो.

राहिलं मेडिटेशन. करा की, मीही करते, झोप बरी लागते. पण मास्लाक आणि मायकेल लाइटर यांनी बर्नआउटची मुळं जिथे शोधली त्या सहा जागा अशा: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, मूल्यं. डोळे मिटून यातलं काय बदलतं सांगा. आमच्याकडे एकदा ताण कमी करण्यावर वर्कशॉप ठेवलं होतं. रविवारी. हजेरी कंपल्सरी, आणि नंतर प्रत्येकाने दोन पानी रिपोर्ट द्यायचा होता. माझा अजून द्यायचा राहिलाय.